उलटी, तिरळा डोळा, जाणारा तोल : या खुणा एकत्र पाहा

पालक, शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई आणि डॉक्टरांना कळकळीचं आवाहन

तुमच्या घरातलं, वर्गातलं किंवा शेजारचं एखादं मूल गेले दोन आठवडे सकाळी उठल्याबरोबर उलटी करत असेल, आणि त्याच सुमारास ते चालताना झोकांड्या खाऊ लागलं असेल किंवा त्याचा एक डोळा आत वळू लागला असेल, तर वाचणं इथेच थांबवा. आधी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि स्पष्ट विचारा, "डॉक्टर, याच्या मेंदूत काही नाही ना, ते तपासाल का?" बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

ज्यांच्या आसपास आज असं मूल नाही, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं. असं मूल उद्या तुमच्यासमोर येऊ शकतं, आणि कदाचित त्याच्या सगळ्या खुणा पाहिलेले तुम्ही एकटेच असाल.

मुलांनाही मेंदूचा कर्करोग होतो, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊकच नाही. रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मुलांमध्ये सर्वाधिक दिसतात त्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या गाठी. तरीही एखाद्या गावच्या डॉक्टरांना असा रुग्ण वर्षानुवर्षांत एखादाच भेटतो. म्हणून पहिल्या भेटीत कुणाच्या मनात गाठीचा विचार येत नाही, आणि त्यासाठी कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. अडचण पुढे सुरू होते. उलटीसाठी पोटाचं औषध, डोळ्यासाठी चष्म्याचं दुकान, वाकड्या मानेसाठी मालीश, अभ्यासात मागे पडलं म्हणून शिकवणी, चालताना अडखळलं म्हणून रागावणं. एकाच आजाराच्या पाच खुणा पाच दारी जातात आणि कुठल्याच दारी त्या एकमेकींना भेटत नाहीत. माझं मागणं एवढंच आहे : या खुणा एका जागी आणा.

या खुणा येतात कुठून?

कवटी बंद असते. तिच्या आत मेंदू असतो आणि मेंदूभोवती सतत फिरणारं पाणी. मुलांमधल्या बऱ्याच गाठी डोक्याच्या मागच्या, खालच्या भागात होतात. तिथे लहान मेंदू असतो, जो आपला तोल आणि हालचालींतला मेळ सांभाळतो. त्याच्या पुढेच पाणी वाहून नेणारी अरुंद वाट आहे. गाठ वाढली की तोल बिघडतो. वाट अडली की पाणी साठतं आणि डोक्यातला दाब वाढतो.

रात्रभर आडवं झोपल्याने हा दाब आणखी चढतो. म्हणून डोकं पहाटे दुखतं, मूल झोपेतून रडत उठतं, उठल्यावर उलटी होते. उलटी झाली की बरं वाटतं, दहा वाजेपर्यंत मूल हसतखेळत असतं, आणि घरातले म्हणतात, "शाळा चुकवायला नाटकं करतोय." त्या मुलावर कृपया असा आरोप करू नका.

डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस मेंदूच्या तळापासून लांबचा रस्ता कापून डोळ्यापर्यंत जाते. दाब वाढला की ती ताणली जाते आणि डोळा आत वळतो. एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. लहान मुलाला ते सांगता येत नाही. ते एक डोळा मिटून पाहतं किंवा मान एका बाजूला कलती ठेवतं, कारण तसं केल्यावर चित्र एक होतं. म्हणून वाकडी मान हे नेहमीच मानेचं दुखणं नसतं.

डोक्याच्या मागच्या भागातल्या गाठींत मेड्युलोब्लास्टोमा ही मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारी कर्करोगाची गाठ. पर्सिव्हल बेली आणि हार्वी कुशिंग या अमेरिकी डॉक्टरांनी १९२५ साली तिचं वर्णन केलं. ती मेंदूतल्या पाण्यावाटे पाठीच्या कण्यापर्यंत पसरू शकते. एपेंडिमोमा हीदेखील बहुधा याच परिसरात होते. अगदी लहान, बहुतेक तीन वर्षांखालच्या बाळांना एटीआरटी नावाची वेगाने वाढणारी गाठ होते.

डोकेदुखीची वाट पाहू नका

२००७ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी ७४ अभ्यासांतल्या ४,१७१ मुलांच्या नोंदी एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात मेंदूच्या सगळ्या गाठी मिळून निदानाच्या वेळी डोकेदुखी होती फक्त ३३ टक्के मुलांना. डोक्याच्या मागच्या भागात गाठ असलेल्यांत मळमळ किंवा उलटी ७५ टक्क्यांना, डोकेदुखी ६७ टक्क्यांना, चालण्यातला बिघाड ६० टक्क्यांना होता. चार वर्षांखालच्या बाळांत पहिला क्रमांक होता तो डोकं प्रमाणाबाहेर मोठं होण्याचा, ४१ टक्के. त्यामागून उलट्या, किरकिर आणि मलूलपणा. आणि मेंदूच्या बुंध्यातल्या, म्हणजे ब्रेनस्टेममधल्या गाठींत डोकेदुखी होती जेमतेम २३ टक्क्यांना. तिथे ७८ टक्के मुलांचं चालणं बिघडलं होतं आणि निम्म्याहून अधिकांच्या चेहऱ्याच्या, डोळ्यांच्या किंवा गिळण्याच्या नसा कमजोर झाल्या होत्या.

"डोकं तर दुखत नाही ना, मग काही नाही," असं म्हणून थांबू नये, हे सांगण्यासाठीच हे आकडे दिले.

वयानुसार काय पाहायचं

पाच वर्षांखालच्या मुलाला आपला त्रास नीट सांगता येत नाही. त्याचं वागणं पाहावं लागतं. बाळाचं डोकं झपाट्याने मोठं होणं, शांत बसलेलं असतानाही टाळू फुगलेली राहणं, बुबुळं खाली ओढल्यासारखी दिसणं, पुन्हा पुन्हा उलट्या, सतत किरकिर किंवा सतत गुंगी. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे आलेलं येईनासं होणं. चालायला लागलेलं बाळ पुन्हा रांगू लागतं, बसणारं लवंडू लागतं, बोलणारं गप्प होतं. "दात येताहेत", "नजर लागली", "जंत झालेत" ही उत्तरं अशा वेळी पुरेशी नाहीत.

पाच ते अकरा वर्षांचं मूल जिना उतरताना कठडा घट्ट धरू लागतं, सायकलवरून पडू लागतं, पाय फाकवून चालतं. अक्षर बिघडतं. उजव्या हाताने जेवणारं डाव्या हाताने घास घेऊ लागतं. एक डोळा तिरळा होतो, बुबुळं थरथरतात, हसताना तोंड एका बाजूला जातं, पाणी पिताना ठसका लागतो. याच वयात ब्रेनस्टेममध्ये डीआयपीजी ही फार कठीण गाठ होते. तिच्या खुणा काही आठवड्यांतच झरझर उमटतात, म्हणून नव्याने आलेला तिरळेपणा किंवा वाकडं झालेलं तोंड आठवडाभरही अंगावर काढू नये.

बारा ते अठराच्या वयात आपण सगळं खापर अभ्यासाच्या ताणावर आणि मोबाइलवर फोडतो. सारखी डोकेदुखी, अंधूक दिसणं, एकलकोंडेपणा, गुण घसरणं, दिवसा झोप, पहिल्यांदाच आलेली आकडी, हे सगळं पाहावं. अतोनात तहान लागून रात्री वारंवार लघवीला उठणारं मूल साखरेसाठी तपासलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण साखर नॉर्मल आली तर शोध तिथे संपवू नये. मेंदूच्या मधल्या भागातल्या काही गाठी शरीरातलं पाणी राखणाऱ्या संप्रेरकाचा घोटाळा करतात. उंची वाढणं थांबणं, वयात येणं फार लवकर सुरू होणं किंवा अडून बसणं हीही तिथलीच खूण असू शकते.

एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण भीती पसरवणं हा हेतू नाही. मुलांची बहुतेक डोकेदुखी सर्दी-तापाची, अर्धशिशीची, जागरणाची असते. बहुतेक उलट्या पोटाच्याच असतात. एकटी-दुकटी खूण येऊन चार दिवसांत गेली तर घाबरायचं कारण नाही. सावध व्हायचं ते खूण टिकली तर, पुन्हा पुन्हा परतली तर, किंवा एकीला दुसरी येऊन मिळाली तर. औषधाने उलटी आठवडाभर थांबते आणि परत सुरू होते, हेही गाठीच्या बाबतीत घडतं. मधल्या बऱ्या दिवसांनी फसू नका.

पालकांनी आज काय करावं

एक वही करा. कोणत्या तारखेला, किती वाजता, काय झालं, एवढंच लिहा. उलटीही त्यातच, पडणंही त्यातच, शाळेतून आलेली तक्रारही त्यातच. मूल चालताना, जिना उतरताना, समोर पाहताना मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या. दवाखान्यात मूल नेमकं ठीक वागतं, तेव्हा हा व्हिडिओ उपयोगी पडतो. ही वही प्रत्येक डॉक्टरांना दाखवा, मग ते पोटाचे असोत की डोळ्यांचे.

ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांनी आखलेली मुदत साधी आहे : उलटी किंवा मळमळ दोन आठवड्यांवर टिकली, डोकेदुखी चार आठवड्यांवर टिकली, तर मेंदूचा स्कॅन करायचा का, याचा विचार झालाच पाहिजे. तोल जाणं, नवा तिरळेपणा, हातापायातली कमजोरी यांसाठी तेवढंही थांबायचं नाही.

डोळे तपासायचे तर चष्म्याच्या दुकानात नंबर काढून थांबू नका. नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन थेंब घालून डोळ्याच्या आतला पडदा पाहायला सांगा. डोक्यातला दाब वाढलेला असेल तर दृष्टीच्या नसेच्या तोंडाशी सूज दिसू शकते. सूज दिसली नाही म्हणून गाठ नाहीच असं मात्र ठरत नाही. शंका टिकत असेल तर एमआरआय करावा लागतो. तातडीच्या वेळी सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो, पण डोक्याच्या मागच्या भागासाठी एमआरआय अधिक नेमका.

मूल गुंगीत जात असेल, उठवूनही नीट जागं होत नसेल, एकामागून एक उलट्या होत असतील, आकडी पाच मिनिटांत थांबत नसेल, तर उद्यावर टाकू नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात न्या. आकडी आलेल्या मुलाला कुशीवर वळवा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. देवऋषी, गंडादोरा यांत गेलेला वेळ परत मिळत नाही. देवावरची श्रद्धा मनात ठेवा, पण मुलाला आधी रुग्णालयात पोहोचवा.

आणि स्कॅनमध्ये गाठ दिसली म्हणजे कर्करोगच, असंही समजू नका. आपल्याकडे क्षयाच्या गाठी आणि फीतकृमीच्या अळीमुळे झालेल्या गाठीही मुलांच्या मेंदूत दिसतात, आणि त्या औषधांनी बऱ्या होतात. मेंदूतल्या काही गाठी कर्करोगाच्या नसतात, तरी दाबामुळे त्रास देतात. स्कॅन टाळून यातलं काहीच टळत नाही.

शिक्षकांना, आशाताईंना, डॉक्टरांना

गुरुजनहो, वर्गातलं मूल तुमच्यासमोर दिवसाचे पाच-सहा तास असतं. फळ्यावरचं उतरवताना ओळी सोडणारं, पीटीच्या तासाला रांगेत सरळ चालू न शकणारं, पूर्वी हुशार आणि आता पेंगणारं मूल तुम्ही आईवडिलांच्या आधी पाहता. प्रगतिपुस्तकात "लक्ष देत नाही" असा शेरा मारण्याआधी पालकांना बोलावून काय पाहिलंत ते सांगा.

आशाताई, अंगणवाडीताई, तुमच्याकडची टेप हे मोठं साधन आहे. बाळाच्या डोक्याचा घेर मोजा, लिहा, पुढच्या महिन्याशी ताडून पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासायला येतात. संशय वाटणारं मूल त्या दिवशी हजर राहील एवढं पाहा, आणि पथक यायला वेळ असेल तर थांबू नका, ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवा.

डॉक्टर मित्रहो, तुमच्यावरचा गर्दीचा ताण आम्हाला दिसतो. तरीही विनंती आहे. एकाच तक्रारीसाठी मूल तिसऱ्यांदा आलं तर औषध बदलण्याआधी त्याला खोलीत दहा पावलं चालवा, टाचेला बोटं लावत एका रेषेत चालायला सांगा, बोट नाकाला लावायला सांगा, डोळे चारी दिशांना फिरवून पाहा, डोक्याचा घेर मोजा. पाच मिनिटं लागतात. आणि आई म्हणत असेल की "हे आमचं नेहमीचं मूल नाही", तर ते वाक्य केसपेपरवर लिहून घ्या. ती नोंद महत्त्वाची आहे.

निदान झालं तर

निदान ऐकून घर हादरतं. पहिला प्रश्न येतो, "आमचं काय चुकलं?" काही चुकलेलं नाही. बहुतेक मुलांत या गाठीचं कारण सापडत नाही. ती संसर्गाने होत नाही, आईच्या खाण्यापिण्याने होत नाही, कुणाच्या शापाने होत नाही. थोड्या घरांत मात्र जनुकीय आजार असतो, तो डॉक्टर तपासतात.

दुसरा प्रश्न, "वाचेल का?" खरं उत्तर गाठीवर अवलंबून आहे. मेड्युलोब्लास्टोमा पसरलेला नसेल, शस्त्रक्रिया नीट झाली असेल आणि रेडिएशन, केमोथेरपी पूर्ण झाली असेल, तर चांगल्या केंद्रांत दहापैकी सात-आठ मुलं पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात. डीआयपीजीत आजही तसं नाही. बहुतेक मुलांना निदानानंतर साधारण वर्षभराचाच काळ मिळतो. तरीही तिथे रेडिएशनने काही महिने बोलणं-चालणं सुधारतं, आणि वेदनाशामक उपचारांनी त्रास कमी होतो. लवकर निदान म्हणजे हमखास बरं होणं, असं वचन कुणी देऊ नये. पण लवकर निदानाने डोळे वाचतात, मूल बेशुद्ध होण्याआधी शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचतं, आणि आयुष्यभराचं अपंगत्व कमी होऊ शकतं. एवढ्यासाठीसुद्धा ही धडपड करायला हवी.

शस्त्रक्रियेनंतर काही मुलांचं बोलणं एक-दोन दिवसांत अचानक बंद होतं. मेड्युलोब्लास्टोमाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चारांतल्या एका मुलाला हे होतं. बहुतेकांचं बोलणं आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतं, मात्र स्पीच थेरपी आणि फिजिओथेरपी लागते. हे आधी माहीत असलं तर घरचे घाबरून उपचार सोडत नाहीत.

उपचार अर्धवट सोडू नका, ही माझी सर्वांत मोठी विनंती. गाठ काढली, मूल खेळू लागलं, म्हणून रेडिएशनला न जाणं म्हणजे उरलेल्या पेशींना मोकळीक देणं. पैशांची काळजी खरी आहे, पण वाटा आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचे उपचार करत आहे. खारघरच्या त्यांच्या केंद्रात प्रोटॉन उपचारही आता मिळतात, ज्यात निरोगी मेंदूला कमी किरणं लागतात. राहायचं कुठे, हा गावाकडच्या आईवडिलांचा मोठा प्रश्न. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक रुग्णांना आसरा देते, आणि सेंट ज्यूड इंडिया ही संस्था कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य राहण्याची सोय करते. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी चौकशी करा.

आणि बरं होऊन परतलेल्या मुलाला सामावून घ्या. रेडिएशनने शिकण्याचा वेग मंदावू शकतो, काही औषधांनी ऐकू कमी येतं, उंची कमी राहू शकते. परीक्षेला जास्त वेळ, पुढच्या बाकावर जागा आणि वर्गात चिडवणं बंद, एवढं प्रत्येक शाळा करू शकते.

हे घडू शकतं

ब्रिटनमध्ये पहिली खूण दिसल्यापासून निदान होईपर्यंत मुलांचे सुमारे १४ आठवडे जात असत. २०११ साली तिथे 'हेडस्मार्ट' नावाची मोहीम सुरू झाली. खुणांची छोटी कार्डं शाळांत, दवाखान्यांत, घराघरांत पोहोचवली गेली, डॉक्टरांपर्यंत मार्गदर्शन पोहोचलं. दोन वर्षांत तो काळ ७ आठवड्यांच्या आत आला. त्यासाठी नवं औषध लागलं नाही, नवं यंत्र लागलं नाही. लोकांना खुणा ठाऊक झाल्या आणि त्यांनी वेळेवर प्रश्न विचारला.

आपल्याकडे ग्रामसभा आहेत, महिला बचत गट आहेत, पालकसभा आहेत, गणेशोत्सव मंडळं आहेत. वर सांगितलेल्या खुणा मराठीत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. अंगणवाडीच्या भिंतीवर, शाळेच्या सूचनाफलकावर, औषधांच्या आणि चष्म्यांच्या दुकानांत लावा. पालकसभेत पाच मिनिटं मागून घ्या आणि वाचून दाखवा. १५ फेब्रुवारीला बालकर्करोग दिन असतो, ८ जूनला मेंदूच्या गाठींबाबत जागृतीचा दिवस. पण तेवढ्या दोन तारखांची वाट पाहू नका, येत्या आठवड्यात सुरुवात करा.

आणि आज रात्री आपल्या मुलाशी पाच मिनिटं बोला. डोकं दुखतं का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, चालताना पाय चुकतो का, विचारा. उत्तर 'नाही' आलं तर बरंच. दोन वस्तू दिसण्याला किंवा पाय चुकण्याला 'हो' आलं, किंवा डोकेदुखीचं 'हो' पुन्हा आलं, तर वही उघडा, तारीख लिहा आणि उद्याच डॉक्टरांकडे जा.